अर्ध्यावर थांबलेला डोळा

भोक पाडायलाच तास गेला.
उसार्काकमामा पहार घालतो, मी चुरा उपसते,
कुत्री शेपटीत नाक खुपसून निजलेली.
समोर उम्मानाकचा डोंगर. काळजाच्या आकाराचा, म्हणतात.
मला तो दाढेसारखा दिसतो,
पण हे मी गावात बोलत नाही.

मग पत्रा सोडायचा.
पत्रा म्हणजे पाण्यातला पतंग:
सरळ खाली जात नाही, बर्फाच्या पोटाखालून
तिरका सरकत लांब निघतो,
मागे दोर, दोराला गळ, गळाला माशाचे तुकडे,
चारशे वाव.
मामा हातमोजा काढून दोर बोटांतून जाऊ देतो.
"तळ लागला ते कसं कळतं?"
"दोर गप्प होतो."

खाली कालेरालिक.
लेपीच्या कुळातला, पण कुळाचार न पाळणारा.
अंड्यातून निघाला तेव्हा चारचौघांसारखा होता,
काचेसारखा, दोन बाजूंना दोन डोळे.
मग डावा डोळा कपाळाकडे निघाला.
त्याच्या भावंडांचा पार पलीकडे पोचतो,
ती वाळूत आडवी होतात,
पोट पांढरं, पाठ मळकी, जन्मभर वर बघत.
याचा डोळा कडेवर येऊन थांबला.
म्हणून हा लोळत नाही. दोन्ही अंगांनी काळा,
गोठायला टेकलेल्या पाण्यात उठतो,
कोळंबीमागे, माकुलांमागे,
सुयांसारखे दात घेऊन.

आणखी एक.
हे सगळे जन्मतात बाहेर, डेव्हिसच्या सामुद्रधुनीत.
प्रवाह आणेल तसे येतात, फ्योर्डमध्ये शिरतात,
इथेच खातात, इथेच जाड होतात,
आणि अंडी घालायला परत जात नाहीत, असं आमच्या अहवालात आहे.
मामाला वाचून दाखवलं.
म्हणाला, "आत आलेला परत जात नाही.
बाहेर गेलेलं तरी कोण येतं?"
मी नूकला राहते. अकरा वर्षं झाली.
थर्मासचं झाकण घट्ट करत बसले.

चार तासांनी ओढायला घेतलं.
पहिले वीस गळ रिकामे.
मग एक, मग तीन लागोपाठ,
बर्फावर आपटले की दोनदा उडतात आणि कडक होतात.
मग नुसती डोकी. नऊ डोकी,
मानेपाशी सफाईने कापलेली.
"शार्क," मामा म्हणाला, रागाने नाही,
भाडं मागायला आलेल्याचं नाव घ्यावं तसं.
डोकी कुत्र्यांकडे गेली.
एक डोकं माझ्याकडे बघत होतं,
एका डोळ्याने मला, दुसऱ्याने आभाळाला.

रात्री त्याच्या स्वयंपाकघरात
सगळ्यांत मोठ्या मादीच्या कानातला खडा काढला,
तांदळाच्या कणीहून जेमतेम मोठा,
आणि सोबत आणलेल्या सूक्ष्मदर्शकाखाली ठेवला.
हिवाळा: काळी रेघ. उन्हाळा: फिकट.
मोजल्या, एकोणीस.
पुन्हा मोजल्या, तेवीस.
कडेला रेघा इतक्या दाटीने बसतात
की वर्षं एकमेकांच्या मांडीवर चढतात.
मामा खांद्यावरून वाकला.
"एवढं शिकलीस, आणि माशाचं वय माहीत नाही?"
"माशालाही माहीत नाही."

तो बराच वेळ हसला.
मग म्हणाला, चर्चच्या वहीत तो चौऱ्याहत्तरचा आहे,
आणि आई सांगायची त्याप्रमाणे शहात्तरचा,
कारण तो झाला तेव्हा बर्फ मेपर्यंत टिकला होता,
आणि असा हिवाळा चर्चच्या वहीच्या आधीचा.
यंदा बर्फ फेब्रुवारीत धरला.
कोपऱ्यातली वाट आम्ही वळसा घालून आलो,
तिथे बर्फ राखाडी होता.
त्याबद्दल दोघंही बोललो नाही.

मी रकान्यात एकवीस लिहिलं.
शेराच्या जागी: वाचन अनिश्चित.
"माझंही लिही," मामा म्हणाला.
"कितीं?"
"दोन्ही."